लाँगस्ट्रीट, जेम्स

लाँगस्ट्रीट, जेम्स : (८ जानेवारी १८२१ – २ जानेवारी १९०४). अमेरिकेच्या यादवी युद्धातील (१८६१–६५) दक्षिणेचा सेनापती. जन्म साउथ कॅरोलायनात. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून तो १८४२ मध्ये बाहेर पडला. पुढे उत्तरेचा सरसेनापती झालेला युलिसिस ग्रँट हा त्याचा तेथील जिवलग मित्र.

गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या बाजूने तो अखेरपर्यंत लढला, हे आधी नोंदवले पाहिजे. १८६२ च्या सुरुवातीला रिचमंडमधील लोहितांग ज्वराच्या साथीत आठवडाभरात त्याची तीन मुले दगावली. पत्त्यांच्या डावात रमणारा हा गप्पिष्ट माणूस त्यानंतर अबोल झाला. त्याच डिसेंबरात फ्रेडरिक्सबर्गला दगडी भिंतीआडच्या त्याच्या सैनिकांनी उत्तरेचे हल्ल्यामागून हल्ले परतवले. मोकळ्या मैदानातून चढाई करणे म्हणजे माणसे मारून घेणे, हे त्याने तेथे पाहिले होते.

म्हणूनच गेटिसबर्गला ३ जुलै १८६३ रोजी त्याचा वरिष्ठ, दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याने समोरून चढाईचा हुकूम दिला, तेव्हा त्याने विरोध केला. तो मानला गेला नाही. चढाईवर निघणारा त्याच्या हाताखालचा सेनानी पिकेट याने निघण्याची परवानगी मागितली, तेव्हा लाँगस्ट्रीटच्या तोंडून शब्द फुटेना. त्याने नुसती मान हलवली. सुमारे साडेबारा हजारांपैकी निम्मे सैनिक मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. आदल्या दिवशी त्याचा हल्ला दुपारी चारच्या सुमारास सुरू झाला, त्या विलंबाचा दोष मात्र त्याच्याकडे काही अंशी जातोच.

तरी युद्ध चालू असताना त्याला कोणी गद्दार म्हटले नव्हते. १८६७ मध्ये त्याने पराभव मान्य करून कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासह नवे कायदे स्वीकारावेत असे जाहीरपणे लिहिले, तो त्या काळच्या गुलामगिरीविरोधी रिपब्लिकन पक्षाकडे वळला आणि दक्षिणेने त्याला वाळीत टाकले. १८७० मध्ये ली वारल्यावर जुबल अर्ली आदी जुन्या सहकाऱ्यांनी गेटिसबर्गच्या पराभवाचे सारे खापर त्याच्या माथी फोडले. या आरोपांचे मूळ रणांगणापेक्षा राजकारणात अधिक होते. १४ सप्टेंबर १८७४ रोजी न्यू ऑर्लीन्समध्ये गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या सशस्त्र उठावासमोर तो पोलीस आणि कृष्णवर्णीय सैनिकांचे नेतृत्व करत उभा राहिला. चालून आलेल्यांत दक्षिणेचे अनेक माजी सैनिक होते. तेथे तो हरला. केंद्राची फौज आल्यावरच उठाव मोडला.

उरलेले आयुष्य त्याने आरोपांना उत्तरे देण्यात घालवले. त्यात तो कडवट झाला आणि लीवर टीका करताना त्याचा तोलही सुटला. जॉर्जियातील गेन्सव्हिल येथे तो निवर्तला. गेटिसबर्गच्या रणभूमीवर त्याचा पुतळा उभा राहिला तो १९९८ मध्ये.