क्षयाला दाद न देणारी गाय कशी ओळखावी?

वर्धा-नागपूरकडचा, गवळाऊ या देशी जातीची गाय पाळणारा शेतकरी आपल्या गाईचे कौतुक करताना दुधाच्या आधी तिचा काटकपणा सांगतो. ती ऊन सोसते, मिळेल त्या चाऱ्यावर निभावते आणि सहसा आजारी पडत नाही, असे तो म्हणतो. या बोलण्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे आणि तो हलका लेखण्याचे कारण नाही. परंतु क्षयरोगाच्या बाबतीत 'ही गाय कधी आजारी पडली नाही' एवढ्यावरून तिच्या प्रतिकारशक्तीविषयी काहीच सिद्ध होत नाही, कारण क्षयाचा जीवाणू तिच्यापर्यंत कधी पोहोचला होता की नाही, हेच आपल्याला ठाऊक नसते. ज्या कोठ्यात जीवाणू शिरलाच नाही तेथील सगळीच ढोरे निरोगी असतात. शोधायची असते ती खोकणाऱ्या गाईच्या शेजारी, त्याच गव्हाणीत तोंड घालून वर्षानुवर्षे राहिलेली आणि तरीही निरोगी असलेली गाय.

गाईचा क्षय मुख्यतः मायकोबॅक्टेरियम बोव्हिस या जीवाणूमुळे होतो. माणसाला क्षय देणाऱ्या जीवाणूचा तो जवळचा भाऊबंद आहे. कालमेट आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०८ पासून तेरा वर्षे हाच जीवाणू प्रयोगशाळेत पुनःपुन्हा वाढवून दुर्बळ केला आणि त्यातून बीसीजी लस तयार झाली. बहुतेक गाईंना हा जीवाणू श्वासावाटे लागतो. फुप्फुसात शिरताच तेथील भक्षक पेशी त्याला गिळतात. एखादा साधा जीवाणू असता, तर पेशीतील पाचक द्रव्यांनी त्याचा निकाल लावला असता; क्षयाचा जीवाणू मात्र ज्या पिशवीत कोंडला जातो, तिचा पाचक द्रव्यांच्या पिशवीशी संयोगच होऊ देत नाही आणि आपल्याला मारायला आलेल्या पेशीतच मुक्काम ठोकतो. पुढे टी-पेशी (रक्तातील संरक्षक पेशी) इंटरफेरॉन-गॅमा नावाचे रसायन सोडून भक्षक पेशींना चेतवतात, जीवाणूभोवती गाठ तयार होते आणि ही झुंज कोठे थांबते ते प्रत्येक जनावरात निराळे ठरते.

या निराळेपणाचा काही भाग जनुकांत असतो. उदाहरणार्थ, एनआरएएमपी-१ या जनुकापासून बनणारे प्रथिन भक्षक पेशीतील त्या पिशवीतून लोह आणि मँगनीज बाहेर काढते, त्यामुळे आत कोंडलेल्या जीवाणूची उपासमार होते. चीनमधील शास्त्रज्ञांनी जनुक-संपादनाच्या क्रिस्पर तंत्राने या जनुकाची जादा प्रत घातलेली वासरे जन्माला घातली आणि ते काम २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. तो प्रयोग महत्त्वाचा आहे. पण निसर्गतः दिसणारी प्रतिकारशक्ती अशी एका जनुकाच्या हाती नसते. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा मिळून ती घडते, म्हणून एखादेच जनुक तपासून गाईला 'क्षयरोधक' असा शिक्का देता येत नाही.

ओळखण्याची खरी अडचण तपासणीत आहे. गाईच्या मानेवरचे केस काढून कातडीत ट्युबरक्युलिन, म्हणजे क्षयजीवाणूंच्या प्रथिनांचा शुद्ध अर्क, टोचतात आणि ७२ तासांनी कॅलिपरने कातडीच्या घडीची जाडी मोजतात. शरीराची या जीवाणूशी आधी गाठ पडलेली असेल, तर ती जागा सुजते. माती-पाण्यातील निरुपद्रवी भाऊबंदांमुळेही सूज येऊ शकते, म्हणून शेजारीच पक्ष्यांच्या क्षयजीवाणूचा अर्क टोचून दोन्ही सुजांची तुलना करतात. सूज आली तर अर्थ बराच स्पष्ट असतो. सूज आली नाही, तर मात्र त्याचे किमान चार अर्थ संभवतात. गाईचा जीवाणूशी संबंधच आला नसेल. संसर्ग होऊन थोडेच आठवडे झाले असतील. रोग इतका बळावला असेल की शरीराने प्रतिसाद देणेच सोडले असेल. किंवा गाईने जीवाणूला खरोखरच थारा दिला नसेल. आपल्याला हवा तो फक्त चौथा अर्थ. तिसऱ्या अर्थाची गाय चुकून चौथ्या अर्थाची धरली, तर आपण सर्वांत आजारी जनावरालाच सर्वांत सुदृढ ठरवू. या विषयात याहून घातक चूक दुसरी नाही.

ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी यातून वाट काढली ती एकेका गाईकडे न पाहता घराणी पाहून. कृत्रिम रेतनामुळे एकाच वळूच्या मुली शेकडो गोठ्यांत विखुरलेल्या असतात. ज्या गोठ्यांत क्षय निघाला तेवढेच गोठे निवडायचे, म्हणजे जीवाणूशी संबंध येण्याची शक्यता सर्व गाईंना बरीचशी सारखी धरता येते, आणि मग कोणत्या वळूच्या किती मुली बाधित निघाल्या ते मोजायचे. एका मुलीचा निकाल फसवा असू शकतो. शंभर गोठ्यांतील मुलींचे निकाल सहसा एकाच दिशेने फसवत नाहीत. कातडीवरील चाचणीला कत्तलीनंतर दिसणाऱ्या गाठींच्या तपासणीची जोड मिळाल्याने तो तिसरा, घातक अर्थही बराचसा वगळता आला. एडिंबरोजवळच्या रोझलिन संस्थेच्या सहभागाने, साडेसहा लाखांहून अधिक होल्स्टीन (विदेशी दुभत्या जातीच्या) गाईंच्या नोंदींवर उभारलेला 'टीबी ॲडव्हान्टेज' हा निर्देशांक २०१६ मध्ये तेथील शेतकऱ्यांना मिळाला. या निर्देशांकात वळूचा एक अंक वाढला की, क्षय निघालेल्या गोठ्यात त्याच्या बाधित मुलींचे प्रमाण एक टक्क्याने कमी अपेक्षित असते. क्षयाला दाद न देण्याच्या या गुणाची आनुवंशिकता सुमारे ९ टक्के आहे, म्हणजे गाईगाईंतील दिसणाऱ्या फरकापैकी तेवढाच भाग वारशाचा असतो. आकडा लहान वाटतो, पण चाचणीतील चुका आणि असमान संपर्क यांमुळेही तो लहान दिसतो, आणि वळूची निवड पिढ्यान्‌पिढ्या साचत जाते.

देशी गाई विदेशी गाईंपेक्षा क्षयाला कमी दाद देतात का, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. मुंबईत लिस्टन आणि सोपारकर या संशोधकांनी भारतीय दुभत्या गुरांच्या क्षयप्रवणतेवर केलेले प्रायोगिक काम १९१७ मध्येच प्रसिद्ध झाले होते. अलीकडचा ठोस पुरावा इथिओपियातून आला. तेथील उंचवट्याच्या प्रदेशात कुरणावर चरणाऱ्या ५,४२४ गुरांची तपासणी झाली, तेव्हा होल्स्टीन गाईंत २२.२ टक्के, तर वशिंडाच्या स्थानिक गाईंत ११.६ टक्के बाधित निघाल्या. हे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. सगळी गुरे कुरणावरच असल्यामुळे ही तुलना मोलाची ठरते. आपल्याकडे मात्र संकरित गाई बंदिस्त गोठ्यात दाटीने आणि देशी गाई मोकळ्यावर, असाच प्रकार बहुतेक ठिकाणी असतो, आणि त्यात फरक जातीचा की हवेचा हे सांगता येत नाही. शिवाय ११.६ टक्के म्हणजे शून्य नव्हे. देशी गाईला क्षय होतच नाही, ही समजूत धोक्याची आहे आणि दूध उकळूनच प्यावे हा नियम तिच्याही दुधाला लागू आहे.

भारतात या विषयाचे महत्त्व ब्रिटनपेक्षा अधिक आहे, असे माझे मत आहे. देशभरातील अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात गुरांतील क्षयाचे प्रमाण सुमारे ७.३ टक्के आणि बाधित गुरांची संख्या सुमारे २ कोटी १८ लाख असावी, असा अंदाज होता. तपासा आणि मारा हा अनेक देशांनी वापरलेला मार्ग आपल्याकडे नाही. महाराष्ट्रात तर २०१५ पासून गाईबरोबर वळू आणि बैल यांच्याही कत्तलीला बंदी आहे. म्हणजे ब्रिटिश शास्त्रज्ञांना मिळालेली कत्तलीनंतरची पडताळणी आपल्याला सहज मिळणार नाही. पण याची दुसरी बाजूही आहे. आपली गाय जगते, आणि म्हणून बाधित कोठ्यात राहिलेल्या त्याच गाईची तपासणी दर सहा महिन्यांनी, पाच-सात वर्षे करता येते, इंटरफेरॉन-गॅमाच्या रक्तचाचणीची जोड देता येते आणि नैसर्गिक मृत्यूनंतर शवविच्छेदन करून गाठी पाहता येतात.

हे काम नागपुरातून होण्यासारखे आहे. पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ येथे आहे, आणि माणूस व जनावर यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणाऱ्या राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये याच शहरात झाली. ढोरांच्या कानांत बारा आकड्यांचे पिवळे बिल्लेही आले आहेत. उणीव आहे ती वडिलांच्या नावाची. खेड्यातील कालवड कोणत्या गोऱ्ह्यापासून झाली, याची नोंद बहुधा नसते आणि नोंद नसेल तर घराणी जुळत नाहीत. येथे जनुकीय चिप, म्हणजे जनावराच्या जनुकांतील अनेक खुणा एकदम वाचणारी चाचणी, उपयोगी पडेल. देशी गुरांसाठीची अशी 'गौचिप' ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीम येथेच सादर झाली, आणि रक्ताच्या किंवा केसाच्या नमुन्यावरून अशी चिप दोन जनावरांचे नाते कागदाशिवाय सांगू शकते.

गोठित रेतन केंद्रांत वळूंची क्षयासाठी नियमित तपासणी होते आणि बाधित वळू बाजूला काढला जातो. त्यामुळे रेतमात्रेतून रोग पसरण्याचा धोका टळतो, पण वळू स्वतः क्षयमुक्त असणे आणि त्याच्या मुलींनी क्षयाला दाद न देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट कळण्यासाठी त्या मुली जेथे आहेत त्या बाधित कोठ्यांत, कॅलिपर आणि वही घेऊन, ७२ तासांनी पुन्हा जावे लागते. गवळाऊच्या वळूंसाठी आधी हे करायला हवे, आणि त्यानंतर तिच्या काटकपणात क्षयाचाही समावेश होतो का, हे आकड्यांनी सांगता येईल.