वरातीच्या मुलखात चळवळीचं गाणं: खान्देशची पार्श्वभूमी

खान्देशात ‘बँड’ म्हटलं की आधी वरातीतला डोळ्यांपुढे येतो. डफाला गिटार जोडून जातीवर, पाण्यावर, कापसाच्या भावावर गाणारी तरुण पोरं हा प्रकार त्यामानाने नवा. पुण्यात २००२ मध्ये कबीर कला मंच हा विद्रोही गाणी गाणारा गट सुरू झाला, पुढे त्याची चर्चा राज्यभर झाली. त्यामुळे इकडे कुणी असं गायला लागलं की ‘पुण्याचं वारं लागलं’ म्हणून लोक मोकळे होतात. ते अर्धंच खरं आहे.

सत्यशोधक आणि आंबेडकरी जलसे, म्हणजे गाण्या-नाट्यातून समाजप्रबोधन करणारे कार्यक्रम, ही सगळ्या महाराष्ट्राची शिदोरी, तिच्यावर खान्देशचाही वाटा आहेच. पण इथला खास धागा सापडतो अमळनेरला. १९३८ मध्ये पूर्व खान्देशात अतिवृष्टीने पिकं गेली. शेतसारा माफ व्हावा म्हणून साने गुरुजींनी गावोगाव सभा घेतल्या, कलेक्टर कचेरीवर मोर्चे नेले. त्यांचं ‘आता उठवू सारे रान’ शेतकऱ्यांच्या तोंडी बसलं ते याच काळात. शाळेच्या प्रार्थनेपुरते गुरुजी आठवणाऱ्यांना गिरणी कामगारांच्या युनियनचे हे अध्यक्ष बहुधा ठाऊक नसतात.

दुसरा धागा सातपुड्याच्या पायथ्याचा. तळोद्याकडे १९३०च्या दशकात गुलाम महाराज या भिल्ल संतांच्या आरतीला हजारो भिल्ल जमत, दारू सोडण्याची शपथ घेत. तीच प्रेरणा घेऊन अंबरसिंग महाराजांनी शहाद्याच्या बाजूला गुजर जमीनदारांकडे गेलेल्या जमिनींचा प्रश्न उचलला. १९७२ मध्ये आदिवासी शेतमजुरांची श्रमिक संघटना उभी राहिली, लगेच बायकांनी दारूचे गुत्ते फोडले. नव्वदीच्या सुरुवातीला नर्मदाकाठच्या मणिबेली गावात सरदार सरोवर धरणाच्या बुडिताविरुद्ध सत्याग्रह झाला. डोंगरातलं हे सगळं भिलोरी-पावरी या आदिवासी बोलींत, ढोलाच्या ठेक्यावर गायलं गेलं.

सपाटीवरची अहिराणी मात्र मागे राहिली. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर आणि कानबाई या देवीच्या उत्सवाच्या रात्री बाया सासुरवासाचं गाऱ्हाणं अहिराणीत गात आल्या, पण मोर्चात गायची वेळ आली की भाषा पुस्तकी व्हायची. गुरुजींचं गीतही प्रमाण मराठीतच आहे. बहिणाबाईंनी घरची बोली कवितेत आणली, तीही लेवा पाटीदार समाजाच्या वळणाची, आणि ती छापून आली त्यांच्या पश्चात, १९५२ मध्ये. मंचावर अहिराणी यायची ती बहुतेक सोंगाड्याच्या तोंडी, हसवायला.

ही कोंडी फोडली ती, चळवळवाल्यांना आवडो न आवडो, डीजेच्या गाण्यांनी. गेल्या दहाएक वर्षांत यूट्यूबवर अहिराणी गाणी कोटींच्या घरात पाहिली गेली. गावोगाव रेकॉर्डिंगची सोय झाली, आपल्या बोलीत गायची लाज गेली. आज पीकविम्यावर किंवा हुंड्यावर अहिराणीत गाणारे गट त्याच स्टुडिओत जातात, ठेकाही पुष्कळदा तोच घेतात. फरक पडतो बिदागीत. हळदीच्या गाण्याला सुपारी मिळते, पीकविम्याच्या गाण्याला सभेचं बोलावणं आणि जमलंच तर गाडीभाडं.