हॉटेलच्या चिकन ग्रेव्हीचं मूळ दर्यागंजात

पुण्यात चिकन घरी असेल तर रस्सा आणि हॉटेलात असेल तर ग्रेव्ही, अशी सरळ वाटणी आहे. रस्सा भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा. त्यात चिकन कच्चं पडतं, शिजतं आणि हाडांची चव रश्श्यात उतरते. हॉटेलची ग्रेव्ही मात्र चिकनवाचूनच तयार झालेली असते. घरी गरम मसाला कितीही वाढवला तरी ‘हॉटेलसारखं’ होत नाही, ते यामुळे.

ही रीत तंदूरबरोबर आली. फाळणीनंतर पेशावरहून आलेले कुंदनलाल गुजराल आणि त्यांचे भागीदार कुंदनलाल जग्गी यांनी १९४७ मध्ये दिल्लीच्या दर्यागंजात ‘मोती महल’ सुरू केलं. तंदुरी चिकन उरलं की कोरडं पडतं. टोमॅटो, लोणी आणि क्रीमच्या ग्रेव्हीत घातलं की पुन्हा खाण्याजोगं होतं. बटर चिकन असं जन्मलं म्हणतात. श्रेय कोणत्या कुंदनलालचं, हा वाद २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेला. आपल्याला त्यातलं एवढंच कामाचं: चिकन वेगळं, ग्रेव्ही वेगळी, गाठ शेवटच्या पाच मिनिटांत.

पुण्यात बाहेर सामिष खायचं तर पूर्वी कँप गाठायचा: दोराबजींकडचं पारशी जेवण, इराण्याकडचा खिमा-पाव. पंजाबी मेनू नंतर आला आणि असा रुजला की शुद्ध शाकाहारी हॉटेलंही तोच छापतात. आचाऱ्याला तो परवडतो. सकाळी लाल, पांढरी आणि मखनी अशा ग्रेव्ह्या आणि कांदा-टोमॅटोचा चॉप मसाला करून ठेवला, की ऑर्डरप्रमाणे नुसती मिसळामिसळ. लाल ग्रेव्हीत तिखट वाढवलं की ‘चिकन कोल्हापुरी’. कोल्हापूरकरांनी ते पाहून कपाळाला हात लावावा.

घरी करताना हाच क्रम धरायचा. एक किलो चिकनला १५० ग्रॅम चक्का, आलं-लसूण, मीठ आणि दोन चमचे काश्मिरी तिखट लावून चार तास फ्रिजमध्ये ठेवा. चक्क्याऐवजी पातळ दही घेतलं तर तव्यावर पाणी सुटतं आणि चिकन भाजण्याऐवजी उकडतं. तवा कडक तापवून थोडे थोडे तुकडे टाका, कडा काळपट होऊ द्या. सुटलेला रस फेकू नका.

ग्रेव्हीला अर्धा किलो कांदा पातळ उभा चिरून अर्धी वाटी तेलात मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटं परता. खरी मेहनत इथेच आहे आणि घाईही इथेच होते. कांदा गुलाबीवर थांबवला तर ग्रेव्ही गोडमट लागते, काळा झाला तर कडू. बदामी रंग हवा. कच्चा कांदा मिक्सरमध्ये वाटून तेलात टाकू नका, तोही कडवटपणा सोडतो. मग आलं-लसूण, मंद आचेवर तिखट-हळद-धणेपूड आणि अर्धा किलो लालबुंद टोमॅटो उकडून, गाळून. कडेला तेल सुटेपर्यंत आटवा. त्यानंतरच भिजवलेल्या ४० ग्रॅम काजूची पेस्ट. काजू आधी घातला तर तेल धरून ठेवतो, मसाला तळाला लागतो आणि टोमॅटो शिजला की नाही तेच कळत नाही.

आता दीड वाटी कढत पाणी घालून पंधरा मिनिटं उकळा. गार झाल्यावर वाटून गाळा. हा गाळण्याचा कंटाळा बहुतेक जण करतात आणि मग हॉटेलचा मऊपणा कुठे गेला म्हणून शोधतात. ग्रेव्ही पुन्हा तापवा, चिकन आणि त्याचा रस घालून तुकडे आतपर्यंत शिजू द्या. शेवटी भाजून चुरलेली एक चमचा कसुरी मेथी, आंबट वाटल्यास चिमूटभर साखर. क्रीम गॅस बंद करून, उकळीत फाटतं.

गाळलेली ग्रेव्ही दुप्पट करून अर्धी फ्रीझरमध्ये टाकली तर महिनाभर चालते. क्रीम घातलेली ठेवू नका, वितळताना पाणी वेगळं होतं.