वुकाशेविच, इग्नात्सी
(८ मार्च १८२२–७ जानेवारी १८८२). पोलिश औषधनिर्माते, खनिज तेल उद्योगाचे एक प्रवर्तक व गॅलिशियातील (ऑस्ट्रियाच्या अमलाखालील तत्कालीन प्रांत; सध्या पोलंड व युक्रेनमध्ये विभागलेला) लोकनेते. जन्म तत्कालीन ऑस्ट्रियन अमलाखालील झादुशनिकी या गावी. घरच्या ओढग्रस्तीमुळे शिक्षण अर्धवट सोडून ते औषधालयात उमेदवारीस लागले. पोलिश स्वातंत्र्याच्या गुप्त चळवळीतील सहभागाबद्दल १८४६ मध्ये त्यांना अटक झाली आणि पुराव्याअभावी पुढील वर्षाच्या अखेरीस सुटका झाली. त्यानंतर ते ल्वूफ (सध्याचे ल्वीव, युक्रेन) येथील मिकोलाश यांच्या औषधालयात नोकरीस राहिले. औषधनिर्माणशास्त्राची पदवी त्यांनी १८५२ मध्ये व्हिएन्ना येथे घेतली.

मिकोलाश यांच्या औषधालयात त्यांनी व सहकारी यान झेह यांनी खनिज तेलाचे ऊर्ध्वपातन करून, चटकन पेट घेणारे हलके घटक आणि जड अवशेष वेगळे काढले व मधला भाग गंधकाम्ल आणि दाहक सोड्याने शुद्ध करून दिव्याचे तेल (रॉकेल) मिळविले. साध्या तेलाच्या दिव्यात ते नीट जळेना. म्हणून ब्रात्कोफ्स्की या पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराकडून पत्र्याची टाकी व अभ्रकाची चिमणी असलेला दिवा करवून घेण्यात आला. ३१ जुलै १८५३ रोजी ल्वूफच्या रुग्णालयात रात्रीची शस्त्रक्रिया या दिव्यांच्या उजेडात झाली, असे सामान्यतः मानले जाते व पोलिश तेल उद्योगाचा आरंभ याच दिवसापासून धरतात.

शोधाचे श्रेय मात्र वादग्रस्त आहे. कॅनडात गेस्नर यांनी १८४६ च्या सुमारास कोळशापासून तसे तेल काढून दाखविले होते. स्कॉटलंडमध्ये यंग यांचे एकस्व (पेटंट) १८५० चे आहे. त्यामुळे ‘रॉकेलचा जनक’ हे बिरुद अतिव्याप्त ठरते. खनिज तेलाच्या शुद्धीकरणापुरता दावा अधिक ग्राह्य वाटतो. त्यातही झेह यांचा वाटा पोलिश चरित्रकारांनी दाखविला त्याहून मोठा असावा, कारण डिसेंबर १८५३ चे ऑस्ट्रियन एकस्व त्यांच्या नावे आहे. १८५८ मध्ये दुकानाला लागलेल्या आगीत पत्नी दगावल्यावर झेह यांनी हा व्यवसाय सोडला आणि त्यांचे नाव मागे पडले.

वुकाशेविच यांनी गोर्लित्से येथे औषधालय चालविले. तेथे १८५४ मध्ये रस्त्यावर रॉकेलचा दिवा लागला. त्याच वर्षी त्यांनी जमीनदार त्शेचेस्की यांच्यासह बूब्रका येथे तेलाची खाण सुरू केली. हे वर्ष मुख्यतः त्यांनीच १८७२ मध्ये तेथे उभारलेल्या स्मारकस्तंभावरील लेखावरून धरले जाते. विहिरी प्रारंभी हातानेच खणीत. १८५६ मध्ये त्यांनी यास्वोजवळ शुद्धीकरण कारखाना काढला. खोर्कुफका येथील कारखाना १८६५ नंतरचा आहे.

खाण कामगारांसाठी त्यांनी मदतनिधी स्थापन केला, तर मुलींसाठी लेस विणण्याची शाळा काढली. परिसरातील रस्ते व पूल त्यांनी बव्हंशी पदरच्या पैशाने बांधविले. हे रस्ते वुकाशेविच यांच्या गुल्डेन नाण्यांनी फरसबंद केले आहेत, असे लोक म्हणत. १८६३ च्या रशियाविरुद्धच्या पोलिश उठावातील परागंदा बंडखोरांना त्यांनी आसरा दिला. १८७० नंतरच्या दशकात ते गॅलिशियाच्या प्रांतिक विधिमंडळावर निवडून आले आणि तेल उत्पादकांच्या संघटनेतही अग्रभागी राहिले. खोर्कुफका येथे न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. समाधी झ्रेन्चिन येथे आहे. बूब्रकाच्या खाणीवर आता संग्रहालय आहे.