चिप कुत्र्याची, नोंद कोणाची? श्वान परवान्यापासून मायक्रोचिपपर्यंतची पार्श्वभूमी

६ एप्रिल २०१६ पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये आठ आठवड्यांहून मोठ्या प्रत्येक कुत्र्याला मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची, ओळख-नंबर सांगणारी बारीक कुपी) सक्तीची झाली. उत्तर आयर्लंडने ही सक्ती २०१२ मध्येच आणली होती. इंग्लंडमध्ये चिप नसेल किंवा चिपमागचा पत्ता-फोन जुना असेल, तर आधी नोटीस येते, २१ दिवसांची मुदत मिळते, आणि तरीही काही केलं नाही तर ५०० पौंडांपर्यंत दंड होतो. एवढं सगळं असूनही ‘हा कुत्रा कायद्याने कोणाचा’ या साध्या प्रश्नाचं उत्तर चिप देत नाही. नोंदीत नाव असतं ते कुत्रा ज्याच्याकडे राहतो त्याचं. मालक तोच असतो असं नाही. भांडण कोर्टात गेलं तर खरेदीची पावती, डॉक्टरांची बिलं, विम्याचे कागद यांच्याबरोबर चिपची नोंदही एक पुरावा म्हणून बघितली जाते, इतकंच.

नवख्या माणसाला हे विचित्र वाटतं. पण ब्रिटनमध्ये कुत्र्यांसाठी आजवर जे जे कागद निघाले ते कोणाचा हक्क नोंदवावा म्हणून निघाले नव्हते. कर कोणाकडून वसूल करायचा, कुत्रा चावला तर कोणाला धरायचं, पिसाळलेला निघाला तर कोणाच्या दारात जायचं, एवढंच सरकारला हवं होतं. चिपने हा वारसा जसाच्या तसा उचलला आहे.

सुरुवात करापासून झाली. १७९६ साली विल्यम पिट पंतप्रधान होते, फ्रान्सशी युद्ध चालू होतं आणि धान्य महाग झालं होतं. माणसांना भाकरी मिळत नाही आणि कुत्री अन्न खातात, शिवाय मेंढ्या मारतात, पिसाळतात, असं म्हणत जॉन डेंट या खासदाराने कुत्र्यांवरच्या कराची कल्पना लावून धरली. लोकांनी त्याचं नावच ‘डॉग डेंट’ पाडलं. कर लागू झाला. पुढे १८६७ च्या कायद्याने कराच्या जागी वार्षिक परवाना आला. फी पाच शिलिंग, आणि परवाना मिळायचा पोस्टात. १८७८ मध्ये फी साडेसात शिलिंग झाली आणि तिथेच थांबली. दोन महायुद्धं झाली, साम्राज्य गेलं, १९७१ मध्ये चलन दशमान झालं, तरी फी तीच. साडेसात शिलिंगांचे साडेसदतीस पेन्स झाले, आणि अर्ध्या पेनीचं नाणं बंद झाल्यावर नुसते ३७ पेन्स. १९८७ मध्ये परवाना रद्द झाला, तोवर तो काढणाऱ्यांपेक्षा न काढणारेच जास्त होते आणि वसुलीचा खर्च उत्पन्नापेक्षा वर गेला होता. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र परवाना आजही लागतो.

या परवान्याची गंमत अशी की तो कुत्र्याला नव्हता, माणसाला होता. ‘अमुक इसमास कुत्रा पाळण्याची परवानगी’ एवढाच त्याचा अर्थ. समोर उभा असलेला तपकिरी कुत्रा म्हणजे तोच, हे त्यावरून सिद्ध होत नसे. ती बाजू गळपट्टा सांभाळायचा. १९३० च्या आदेशाने सार्वजनिक जागी कुत्र्याच्या गळपट्ट्यावर मालकाचं नाव-पत्ता असणं बंधनकारक झालं, १९९२ च्या आदेशाने ते कायम राहिलं, आणि चिप सक्तीची झाल्यावरही हा नियम उठलेला नाही. चिप आहे म्हणून बिल्ला काढून टाकला तर तो नियमभंगच.

गळपट्टा नसला की कुत्रा बेवारस, या समजुतीने काय होतं ते मुंबईने १८३२ मध्ये पाहिलं. कंपनी सरकारच्या मुंबईत उन्हाळ्यात रस्त्यावरची कुत्री मारण्याची मोहीम असे आणि मारणाऱ्यांना कुत्र्यामागे बक्षीस मिळे. त्या वर्षी मोहिमेची मुदत वाढवली गेली. बक्षिसाच्या हावेने लोक घरांच्या आवारातली, पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी धर्मात कुत्र्याला मोठं स्थान. माणूस गेल्यावर प्रेताला कुत्र्याची नजर दाखवण्याचा सगदीदचा विधी तर अत्यावश्यक. ६ जूनला कोट भागात पारशी रस्त्यावर उतरले, दुसऱ्या दिवशी दुकानं बंद झाली, इतर समाजांचे लोकही सामील झाले आणि किल्ल्यातल्या फौजेची रसद अडली. इतिहासात याला मुंबईची कुत्र्यांची दंगल म्हणतात. त्यात धर्म होता, राजकारण होतं. पण पाळलेला कुत्रा कोणता आणि मोकाट कोणता हे ठरवायचं साधन पकडणाऱ्याच्या हातात नव्हतं, ही गोष्टही तितकीच खरी.

कुत्र्याच्या अंगावरच खूण करायची म्हणजे आधी गोंदण. कानाच्या आतल्या बाजूला किंवा मांडीवर आकडे गोंदवत. शर्यतीच्या ग्रेहाउंडच्या कानात ते अजूनही दिसतात. पण शाई फिकट होते, केस वाढतात, आणि आकडा वाचता आला तरी तो कोणाच्या वहीत आहे ते शोधत बसावं लागतं. हे शेवटचं दुखणं चिपनेही बरं केलेलं नाही.

चिपचं तंत्र कुत्र्यांसाठी निघालं नव्हतं. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत गाईगुरं ओळखण्यासाठी रेडिओ लहरींवर चालणाऱ्या टॅगवर काम झालं. पुढे ते इतकं बारीक झालं की बासमतीच्या दाण्याएवढ्या काचेच्या कुपीत मावू लागलं. लांबी साधारण १२ मिलिमीटर, जाडी दोन. आत बॅटरी नाही, जीपीएस नाही. जाड सुईने ती खांद्यांच्या मधोमध कातडीखाली सोडतात. स्कॅनर जवळ आला की त्याच्याच लहरींवर ती क्षणभर जागी होते, आपला नंबर सांगते आणि पुन्हा गप्प. ‘चिप आहे ना, मग फोनवर दिसेल कुठे आहे ते’ असं म्हणणारे लोक आजही भेटतात. तसं काही होत नाही. कधी कधी कुपी सरकून खांद्यावर किंवा पार छातीपर्यंत येते, म्हणून जाणकार माणूस स्कॅनर मानेवर एकदा टेकवून सोडत नाही. मान, दोन्ही खांदे, बरगड्या असा सावकाश नागमोडी फिरवतो.

ब्रिटिश कायद्याने चिप पहिल्यांदा मागितली ती लाडक्या कुत्र्यांसाठी नाही. १९९१ च्या धोकादायक कुत्र्यांच्या कायद्याने पिट बुल टेरियरसारख्या जातींवर बंदी आली. ज्यांना आपला कुत्रा वाचवायचा होता त्यांना सूट मिळाली, पण नसबंदी, विमा, गोंदण आणि चिप या अटींवर. २०२३ च्या अखेरीला एक्सएल बुली या दांडग्या जातीवर निर्बंध आले तेव्हाही सवलतीच्या अटींत चिप होतीच. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याला नंबर द्यायचा, हा क्रम जुनाच.

१९९० च्या दशकात सुरुवातीला प्रत्येक कंपनीची चिप वेगळी आणि तिचा स्कॅनर वेगळा होता. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची (आयएसओ) ११७८४ आणि ११७८५ ही मानकं आली. लहर १३४.२ किलोहर्ट्झ, नंबर १५ अंकी. पहिले तीन अंक एक तर देशाचे (भारताचे ३५६) किंवा ९०० च्या पुढचे, म्हणजे उत्पादकाचे. त्यामुळे भारतात बसवलेली चिप ९ ने सुरू झाली तर दचकायचं कारण नाही. युरोपने हे मानक उचललं. अमेरिकेत १२५ किलोहर्ट्झच्या जुन्या चिपा आणि त्यांचे स्कॅनर ठाण मांडून बसले होते. २००४ साली व्हर्जिनियात आयएसओ चिप असलेला एक कुत्रा निवारागृहात मारला गेला, कारण तिथल्या स्कॅनरला ती चिप दिसलीच नाही. त्यानंतर सगळ्या चिपा वाचणाऱ्या स्कॅनरची मागणी जोर धरू लागली.

खरी उलथापालथ मात्र प्रवासाने केली. रेबीज येऊ नये म्हणून ब्रिटनमध्ये बाहेरून आलेल्या कुत्र्याला सहा महिने क्वारंटाइनमध्ये ठेवत. माणूस घरी, कुत्रा पिंजऱ्यात. २८ फेब्रुवारी २००० पासून ठरावीक देशांतल्या कुत्र्यांना चिप, लस आणि रक्ततपासणीच्या कागदांवर थेट प्रवेश मिळू लागला. युरोपीय संघाचा प्राण्यांचा पासपोर्ट २००४ मध्ये आला, आणि ३ जुलै २०११ नंतर प्रवासात ओळख म्हणून नवं गोंदण चालेनासं झालं. भारत त्या ठरावीक देशांत नव्हता. पुण्यामुंबईहून ब्रिटनला नेलेल्या कुत्र्याला सहा महिन्यांची ही कैद २०११ च्या अखेरपर्यंत चुकत नव्हती. १ जानेवारी २०१२ पासून ब्रिटनने युरोपचे नियम घेतले तेव्हा ती सुटली, आणि तिच्या जागी तारखांचं गणित आलं.

आपल्याकडच्या कुटुंबांचा घोळ होतो तो इथे. क्रम असा: आधी चिप, मग रेबीजची लस, लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना, त्यात प्रतिपिंडांचं (अँटिबॉडींचं) प्रमाण मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक, आणि नमुना घेतल्या तारखेपासून तीन महिने थांबणं. लस चिपच्या आधीची असेल तर ती नियमाच्या दृष्टीने टोचलेलीच नाही. कारण उघड आहे. टोचली तेव्हा हा कुत्रा हाच, असं सांगणारा नंबर नव्हता. दरवर्षी नेमाने लस दिलेल्या कुत्र्यालाही मग चिपनंतर पुन्हा लस घ्यावी लागते आणि घड्याळ पहिल्यापासून सुरू होतं. चिपच्या पाकिटात बारकोडचे स्टिकर येतात. त्यातला एक लसीकरण पुस्तिकेत चिकटवून शेजारी बसवल्याची तारीख आणि डॉक्टरांची सही-शिक्का घ्यावा. हा स्टिकर आणि लशीच्या बाटलीवरचं लेबल एकाच पुस्तिकेत, तारखांच्या योग्य क्रमाने असलं की पुढचं निम्मं काम झालं. भारतातून निघताना पशू संगरोध (क्वारंटाइन) विभागाचा दाखला घ्यायचा तेव्हाही अधिकारी हेच ताडून बघतात.

आता पुन्हा मालकीकडे. १९९० च्या कायद्यानुसार ब्रिटनमध्ये सापडलेला मोकाट कुत्रा स्थानिक परिषदेने सात दिवस सांभाळायचा. त्या मुदतीत कोणी आलं नाही तर परिषद तो दुसऱ्याला देऊ किंवा विकू शकते. चिपमागचा फोन नंबर पाच वर्षांपूर्वीचा असेल तर हे सात दिवस बघता बघता संपतात. नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या वीसहून अधिक, सगळ्या खासगी. एका कंपनीकडे नोंद नसेल तर ती कोणाकडे आहे ते तिच्या संकेतस्थळाने दाखवायचं, अशी व्यवस्था आहे. प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेतून दत्तक दिलेल्या कुत्र्याच्या चिपच्या नोंदीवर संस्थेचं नावही पर्यायी संपर्क म्हणून असू शकतं. टक नावाचा असा एक तरुण कुत्रा २०१७ मध्ये ते नाव न तपासता मारला गेला. त्यावरून मोहीम उभी राहिली, आणि निरोगी कुत्र्याला दयामरण देण्याआधी चिप तपासावी, हे पशुवैद्यांच्या आचारसंहितेच्या मार्गदर्शनात २०२१ मध्ये आलं.

कायद्याने कुत्रा अजून वस्तूच आहे. कुत्र्यांच्या वंशावळी नोंदवणाऱ्या केनेल क्लबचं प्रमाणपत्रसुद्धा मालकीचा दाखला नाही, असं क्लबच सांगतो. तरी कोर्टांचा सूर थोडा बदलतो आहे. २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या एका कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाच्या प्रकरणात गोल्डन रिट्रीव्हर कोणाकडे राहणार असा वाद आला. न्यायाधीशांनी पैसे कोणी दिले यापेक्षा कुत्रा आता कोणाला आपला मानतो, काळजी कोण घेतं, याला वजन दिलं. त्याच वर्षी कुत्रा-मांजर पळवणं हा स्वतंत्र गुन्हा ठरला, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. त्याआधी तो सायकलचोरीच्याच कलमात बसायचा.

भारतात चित्र अर्धवट आहे. २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांनी प्रजनन करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आणि कुत्र्यांना चिप बंधनकारक केली; आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायलाही बंदी आहे. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदणीला चिप लागते. महापालिकेचा श्वान परवाना वेगळा. तो रेबीज लशीच्या दाखल्यावर मिळतो आणि वर्षागणिक नवा करावा लागतो. गाई-म्हशींच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर सरकारी यंत्रणेत सापडतो. कुत्र्यांसाठी देशभराची अशी एक सरकारी नोंदवही नाही. चिप बसवली, पण नंबर कुठेच नोंदवला नाही, अशी कुत्री म्हणूनच पुष्कळ आढळतात. स्कॅनर ‘बीप’ करतो, १५ आकडे दिसतात आणि शोध तिथेच थांबतो.

नोंद असली तरी ती ठेवणारा टिकायला हवा. अमेरिकेतली सेव्ह धिस लाइफ ही कंपनी २०२५ च्या सुरुवातीला बंद पडली. तिच्या चिपा कुत्र्यांच्या मानेत शाबूत होत्या, वाचताही येत होत्या, पण विचारायला पलीकडे कोणी उरलं नव्हतं. मालकांना तोच नंबर दुसऱ्या कंपनीकडे नव्याने नोंदवावा लागला. चिप तीच राहते आणि नोंद बदलता येते, ही सोय आपल्याकडेही आहे. म्हणून कुत्रा दत्तक घेताना किंवा विकत घेताना आधी चिप समोर स्कॅन करून आकडे कागदाशी ताडून बघावेत. मग आधीच्या माणसाकडून हस्तांतराचं पत्र घ्यावं. त्यात चिपचा नंबर, तारीख, दोघांची नावं आणि सह्या हव्यात. नोंद जिथे असेल तिथे नाव-फोन त्याच आठवड्यात बदलून घ्यावा, आणि पैशांची पावती किंवा दत्तकपत्र त्याच फायलीत लावावं.