आत्मविश्वास फुलवणारी चित्रपुस्तके

'मी जसा आहे तसा ठीक आहे' आणि 'मला हे जमेल' या दोन जाणिवा साधारण तीन ते आठ वर्षांच्या मुलांना चित्रांतून आणि मोजक्या शब्दांतून देणारी पुस्तके. पहिली जाणीव आत्मस्वीकाराची, दुसरी आत्मविश्वासाची. बोलताना या दोन्हींची गल्लत होते. पुस्तक निवडताना मात्र होऊ देऊ नये. शर्यतीत शेवटून पहिला आलेल्या मुलाचा धावण्याबद्दलचा विश्वास त्या दिवशी डळमळणारच. पण घरी आल्यावर आजी नेहमीसारखाच मऊ भात कालवून पुढ्यात ठेवते, तेव्हा आपली किंमत शर्यतीवर ठरत नाही हे त्याला कळते. चांगल्या पुस्तकात शर्यत आणि तो भात, दोन्ही असतात.

चित्रपुस्तकात चित्र ही मजकुराची सजावट नसते; अर्धी गोष्ट चित्रच सांगते. मजकूर म्हणतो, 'ती मुळीच घाबरली नाही', आणि चित्रात तिच्या मुठीत आईच्या ओढणीचे टोक घट्ट धरलेले असते. वाचून दाखवणाऱ्या मोठ्या माणसाचे डोळे ओळींवर असल्याने त्याच्या हे लक्षात येत नाही. मांडीवरचे, अक्षरओळख नसलेले मूल ते अचूक हेरते आणि बोट ठेवून दाखवते. घरातल्या सगळ्या गोष्टी मोठ्यांना जास्त कळत असताना या एका ठिकाणी मूल पुढे असते. पुस्तकाचा विषय काहीही असो, आत्मविश्वासाचे पहिले काम इथे होऊन जाते. छपाईच्या मोठ्या तावाला घड्या घालून आठ किंवा सोळा पानांचे फॉर्म बनतात, म्हणून ही पुस्तके बहुधा २४ किंवा ३२ पानांची असतात. एवढ्या थोड्या जागेत उपदेशाला वाव नसतो, आणि तेच बरे.

मुलांसाठी सचित्र पुस्तकाचा आरंभ कोमेनियस या युरोपीय शिक्षणतज्ज्ञाच्या १६५८ मधल्या 'ऑर्बिस पिक्टस'पासून सांगितला जातो. मुलाने पानात स्वतःला पाहावे, हा विचार पुष्कळ नंतरचा. अमेरिकेत लेखक-चित्रकार एझ्रा जॅक कीट्स यांनी १९६२ मध्ये बर्फात खेळणाऱ्या एका कृष्णवर्णीय मुलाची गोष्ट काढली आणि १९६३ मध्ये तिला चित्रपुस्तकांसाठीचे कॅल्डेकॉट पदक मिळाले. त्या मुलाला कोणी 'तुझा रंग सुंदर आहे' असे सांगत नाही. तो फक्त बर्फात मनसोक्त खेळतो. १९९० मध्ये बालसाहित्याच्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी पुस्तकांना आरसा, खिडकी आणि सरकते दार म्हटले: आरशात मूल स्वतःला पाहते, खिडकीतून दुसऱ्यांचे जग पाहते आणि दारातून त्या जगात शिरते. ज्या मुलाला आरसा कधी मिळतच नाही, ते आपण गोष्टीत शोभत नाही असेच शिकते.

याच सुमारास दुसरा, उथळ प्रवाहही वाढला. कॅलिफोर्निया राज्याने १९८६ मध्ये आत्मसन्मान वाढवण्यासाठी चक्क सरकारी कृतिदल नेमले. 'तू खास आहेस' असे पानोपानी घोकणाऱ्या पुस्तकांना त्या वातावरणात चांगलेच पोषण मिळाले. पुढच्या संशोधनाने त्यातली चूक दाखवली. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८ मधल्या प्रयोगांत 'हुशार आहेस' असे कौतुक झालेली मुले अवघड कोडी टाळू लागली आणि अपयशानंतर लवकर खचली; 'मेहनत घेतलीस' असे ऐकलेली मुले टिकून राहिली. २०१४ मध्ये नेदरलँड्समध्ये एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी मुलांना एका चित्राची नक्कल करायला देऊन पाहिले. ज्यांना स्वतःबद्दल आधीच कमी वाटत होते, ती मुले अतिस्तुतीनंतर पुढचे अवघड आव्हान नाकारू लागली. आपल्याकडे याला हरभऱ्याच्या झाडावर चढवणे म्हणतात. चढवलेल्या मुलाला खाली पडायची भीती वाटते, हे त्या वाक्प्रचारात अध्याहृत आहे.

ठाण्याच्या पालकांना हा धागा ओळखीचा वाटेल. माणसाच्या कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचे मूळ सूत्र. कि. मो. फडके यांनी ते मराठी माणसांपर्यंत आणले. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थच्या, म्हणजे आयपीएचच्या, कामातून 'विनाअट स्वीकार' हा शब्द इथल्या घराघरांत बोलला जाऊ लागला. चित्रपुस्तक हेच सूत्र चार वर्षांच्या मुलाला दाखवू शकते: सांडलेले दूध पुसायला लागते, पण त्यामुळे सांडणारा वाईट ठरत नाही.

मराठीत या पुस्तकांची भाषा जपून घडवावी लागते. 'मी स्वतःवर प्रेम करतो' हे वाक्य व्याकरणाने बरोबर आहे, पण कोणत्याही मराठी मुलाच्या तोंडचे नाही. 'मी शूर आहे, मी सुंदर आहे' अशी इंग्रजीवरून उतरवलेली पाने म्हणूनच परवचा म्हटल्यासारखी वाटतात. मराठी मूल म्हणते, 'माझं मी करणार', 'मला नाही भीती वाटत', आणि बुटाची नाडी बांधली गेली की ओरडते, 'जमलं!' 'जमणे' या क्रियापदात प्रयत्न आहे, वेळ आहे, आणि 'अजून नाही जमत' म्हणायची सोयही आहे. ज्या लेखकाला हा शब्द सापडला, त्याचे पुस्तक मुले पुन्हा पुन्हा मागतात.

टोपणनावांचाही विचार करावा लागतो. काळ्या, जाड्या, बुटक्या, ढापण्या ही नावे आपण लाडाने ठेवतो असे मोठ्यांना वाटते. 'उन्हात खेळू नकोस, काळी होशील' हे वाक्य तर प्रेमापोटीच येते. गोष्टीतली सावळी मुलगी दुपारभर उन्हात विटीदांडू खेळून, घामाघूम होऊन, खुशीत घरी आली, तर त्या एका चित्राने जे होते ते रंगाबद्दलच्या दहा ओळींनी होत नाही.

ठाणे-नवी मुंबईतल्या मुलांसाठी आरसे अजून थोडे आहेत. ठाण्याच्या खाडीच्या एका बाजूला चेंदणी कोळीवाडा, वर येऊरच्या डोंगरातले आदिवासी पाडे, घोडबंदर रस्त्यावरचे उंच मनोरे. दुसऱ्या बाजूला ऐरोली, घणसोली, कोपरखैरणेची मूळ गावे आणि त्यांच्याभोवती १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडको या सरकारी नगरविकास महामंडळाने वसवलेले शहर. बाजार समितीत ओझी उचलणाऱ्या माथाडींची सातारकडची कुटुंबे इथलीच. आगरी घरातले मूल 'मला'ऐवजी 'मना' म्हणते. बालवाडीत पहिल्याच दिवशी ते दुरुस्त केले जाते, आणि पुष्कळदा ते मूल बोलायचेच थांबते. या मुलाच्या आत्मविश्वासाचा प्रश्न धैर्याचा नाही, भाषेचा आहे. गोष्टीतल्या आजीच्या तोंडी 'मना' छापलेले दिसले, वाचणाऱ्या बाईंनी ते न अडखळता वाचले, तर त्या मुलाला आपले घर वर्गात आल्यासारखे वाटेल. खाडीवर हिवाळ्यापासून उतरणारे रोहित पक्षी, पाळणाघराच्या खिडकीतून आईच्या लोकलची वाट पाहणे, ठाण्याच्या तलावाकाठची, तलावपाळीवरची संध्याकाळ, हे सगळे चित्रकारासाठी तयार उभे आहे.

मराठीत या वाटेने सर्वांत भरीव काम माधुरी पुरंदरे यांचे आहे. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेल्या त्यांच्या पुस्तकांतली मुले हट्ट करतात, कंटाळतात, रुसतात, प्रश्न विचारतात, आणि मोठी माणसे त्यांचे ऐकून घेतात. शब्द आणि चित्रे पुष्कळदा दोन्ही त्यांचीच. साहित्य अकादमीचा २०१४ चा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला. नॅशनल बुक ट्रस्ट, तुलिका आणि प्रथम बुक्स यांचीही मराठी चित्रपुस्तके आहेत. प्रथमच्या 'स्टोरीवीव्हर' या २०१५ पासूनच्या संकेतस्थळावरची पुस्तके फुकट वाचता येतात आणि छापूनही घेता येतात.

वाचून दाखवण्याची रीत पुस्तकाइतकीच मोलाची. मानसशास्त्रज्ञ व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या संवादी वाचनात मोठे माणूस विचारते आणि मूल सांगते. 'हा रंग कोणता?' ही परीक्षा झाली. 'ही अशी का बसली असेल?' हे खरे विचारणे. उत्तरासाठी थोडे थांबावे, आणि मधले पान उलटून मूल परत मागे गेले तर जाऊ द्यावे. संध्याकाळी सातची गाडी पकडून साडेआठला दमून घरी पोचलेल्या आईबाबांना रोज हे जमत नाही. आजोबांनी किंवा पाळणाघराच्या मावशींनी वाचले तरी तितकेच चालते.

योग्य पुस्तक न मिळाल्यास घरी बनवता येते. एका मोठ्या कागदाला तीनदा घडी घालून मधोमध एक काप दिला की आठ पानांची चोपडी होते. मूल चित्रे काढते आणि सांगते, मोठे माणूस त्याच्याच शब्दांत, 'मना' असेल तर 'मना', खाली लिहिते. मलपृष्ठावर किंमत किती टाकायची हे मात्र मुलालाच ठरवू द्यावे.