चार महिन्यांची पळवाट: सुट्टीतल्या कामाच्या कायद्याची पार्श्वभूमी

दहावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये होतो आणि निकालाला मे उजाडतो. मधल्या रिकाम्या दिवसांत महाराष्ट्रातली पंधरा-सोळा वर्षांची कितीतरी पोरं कुठे ना कुठे कामाला लागतात. कुणी लग्नात वाढपी म्हणून जातं, कुणी मामाच्या गॅरेजवर, कुणी आंब्याच्या पेट्या भरायला, कुणी कापडाच्या दुकानात घड्या घालायला. घरात त्याचं कौतुकच असतं. पोराला चार पैशांची किंमत कळेल, उन्हात उंडारणार नाही.

मी अकरावीच्या आधीच्या सुट्टीत एका रसवंतीवर होतो. पहिल्या दिवशी मालकाने दोन गोष्टी शिकवल्या: ग्लास कसे विसळायचे आणि बर्फ किती घालायचा. दुमडलेला ऊस दुसऱ्यांदा चरकात सारताना बोटं कुठे ठेवायची, हे बघून बघून उमजायचं होतं. रोलरमध्ये चिपाड अडकलं तर आधी मोटर बंद करावी, असं कुणी सांगितलं नाही. समोर गिऱ्हाईक उभं असताना तसं कुणी करतही नसे.

गंमत म्हणजे नेमकी हीच गोष्ट १९४८ च्या कारखाने अधिनियमात लिहिलेली होती. चालू यंत्राचे फिरते भाग साफ करायला किंवा त्यांना तेल घालायला अठरा वर्षांखालच्या मुलांना लावू नये, हे कलम २२ मध्ये. धोक्याच्या यंत्रावर ठेवायचंच असेल तर धोका नीट समजावून सांगावा, पुरेसं शिकवावं, नाहीतर जाणत्या माणसाची देखरेख असावी, हे कलम २३ मध्ये. पण रसवंती म्हणजे कारखाना नव्हे. तिथे दोन-तीन माणसं असतात आणि पाऊस आला की ती उठते. लहान जागा आणि थोडे दिवस, या दोन कारणांनी सुट्टीतलं काम कायद्याच्या हाताबाहेर राहिलं. ही सवय फार जुनी आहे. तिचा उगम शोधायचा तर मुंबईच्या गिरण्यांपर्यंत मागे जावं लागतं.

एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरच्या दशकात मुंबईच्या सूतगिरण्यांत मुलं सर्रास कामाला होती. दिवस उजाडला की गिरणी सुरू आणि मावळला की बंद, असं घड्याळ. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून कामही लांब, ही आणखी एक गोष्ट. १८७५ मध्ये मुंबई सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. मुंबईतले पारशी समाजसुधारक सोराबजी शापूरजी बंगाली यांनी बायका-मुलांसाठी कायद्याचा मसुदा स्वतः तयार केला. विरोधही जोरदार झाला. स्वस्त हिंदी सुताने इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांच्या पोटात दुखू लागलंय आणि म्हणून त्यांना इथल्या पोरांचा कळवळा आलाय, असं गिरणीमालक म्हणत होते, आणि राष्ट्रीय वृत्तीची बहुतेक वृत्तपत्रंही. त्यात खोटं काही नव्हतं. लँकेशायरचा दबाव होताच. पण हेतू संशयास्पद होता म्हणून यंत्रात जाणारा हात वाचत नव्हता, हे मात्र त्या वादात फार थोड्यांनी बोलून दाखवलं.

१८८१ मध्ये देशातला पहिला कारखाने कायदा आला. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायचं नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, मधे तासाभराची विश्रांती द्यायची, महिन्याला चार सुट्ट्या द्यायच्या. धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालायचं. आज हे वाचून अंगावर काटा येतो, पण त्या काळी हीदेखील सक्ती वाटली. आणि त्यातच एक वाक्य होतं: शंभरांहून कमी माणसं असलेला, किंवा वर्षात चार महिन्यांहून कमी चालणारा कारखाना या कायद्यात येणार नाही.

या चार महिन्यांचा अर्थ खानदेशात कळत होता. कापूस वेचून झाला की सरकी काढणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस धडाडायला लागत. हंगाम थोडा आणि माल ढिगाने, म्हणून पहाटेपासून रात्रीपर्यंत काम चाले, आणि दाब वाढला की रात्रंदिवस. सरकी काढण्याच्या त्या यंत्रांवर मुख्यतः बायका बसत. १८८४-८५ च्या दुसऱ्या कारखाने आयोगापुढे तिथल्या तासांच्या ज्या साक्षी झाल्या, त्या मुंबईच्या गिरण्यांपेक्षा भयंकर होत्या. म्हणजे जिथे माणूस सर्वांत जास्त पिळला जात होता, तिथेच कायदा लागू नव्हता. का, तर तिथलं काम थोडे दिवसांचं. थोडे दिवसांच्या कामात दमछाक जास्त होते, घाई जास्त होते, आणि माणूस यंत्राला सरावायच्या आत हंगाम संपतो. कायदा करणाऱ्यांनी हिशेब उलटा मांडला होता. हंगामी कारखाने कायद्याखाली यायला १९११ साल उजाडलं, म्हणजे तीस वर्षं लागली.

याच सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांचं काम उभं राहत होतं. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन आयोगाकडे दिलं. लोखंडे म्हटलं की आपल्याला रविवारची सुट्टी आठवते. १० जून १८९० रोजी ती मिळाली, हे खरंच. पण त्या निवेदनातली एक मागणी मला जास्त मोलाची वाटते: कामावर जखमी झालेल्या माणसाला तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. इंग्लंडमधून आलेल्या सगळ्या अहवालांचा भर तासांवर आणि वयावर होता. तुटलेल्या हाताचं पुढे काय, हे परळच्या माणसांनी विचारलं. कायद्यात त्याचं उत्तर यायला जवळपास चाळीस वर्षं गेली. त्याकडे पुढे येतो.

१८९१ मध्ये वय सातवरून नऊवर गेलं आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना सात तासांची मर्यादा आली. १९११ मध्ये कापड गिरण्यांतल्या मुलांचे तास सहावर आले. १९२२ मध्ये किमान वय बारा झालं. अर्धा दिवस काम करणाऱ्या या पोरांना ‘हाफ टायमर’ म्हणत. जन्माचा दाखला कुणाकडे नसे, म्हणून सरकारी डॉक्टर दात आणि अंगलट बघून वय ठरवत आणि दाखला देत. मग एक नवीनच धंदा सुरू झाला. मुलगा सकाळी एका गिरणीत अर्धा दिवस भरे आणि दुपारी दुसऱ्या दाखल्यावर दुसऱ्या गिरणीत जाई. दोन अर्धे मिळून एक पूर्ण दिवस, तोही कायद्याच्या डोळ्यांदेखत. आईबापांना माहीत असे आणि कामगार भरणाऱ्या मुकादमाला, म्हणजे जॉबरलाही, माहीत असे. दोष फक्त गिरणीवाल्याचा नव्हता, घरातली चूल त्या दुसऱ्या पाळीवर पेटत होती. १९८६ च्या बालकामगार कायद्यात ‘एकाच दिवशी दोन ठिकाणी काम देऊ नये’ असं कलम का आहे, याचा उलगडा या हाफ टायमरांमुळे होतो.

१९३४ च्या कायद्याने एक चांगली गोष्ट केली. बालक आणि प्रौढ यांच्या मधे ‘किशोर’ नावाचा वेगळा वर्ग आणला. पंधरा-सोळाचा मुलगा उंचीने बापाएवढा झाला तरी तो बाप नव्हे, हे प्रथमच कागदावर आलं. पण त्याच कायद्याने कारखान्यांचे बारमाही आणि हंगामी असे दोन भाग पाडले. वर्षात १८० दिवसांपर्यंत चालतो तो हंगामी. बारमाही कारखान्यात आठवड्याला ५४ तास आणि हंगामीत ६०. पुन्हा तोच उलटा हिशेब. १९४८ च्या कायद्याने ही विभागणी काढली, किमान वय चौदावर नेलं, आणि किशोराला कामावर घ्यायचं तर डॉक्टरचा दाखला व्यवस्थापकाकडे आणि त्याची खूण म्हणून टोकन मुलाजवळ, असा नियम केला. मात्र त्याच वर्षीच्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने हंगामी कारखाने वगळले. एका दाराने आत घेतलेला हंगाम दुसऱ्या दाराने बाहेर गेला.

या सगळ्यात शाळेच्या सुट्टीत काम करणारा मुलगा कुठेच नाही, आणि ते साहजिक आहे. गिरणीतल्या पोराला शाळाच नव्हती, तर सुट्टी कुठली? शिकणाऱ्या मुलाने काम करावं, ही कल्पना आपल्याकडे वेगळ्या वाटेने रुजली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. पुढे ‘कमवा आणि शिका’ हे तिचं चलनी नाणं झालं. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ मध्ये त्याच पायावर उभं राहिलं. मुलं शेतात राबली, खडी फोडली, विहिरी खणल्या. पण ते काम संस्थेच्या नजरेखाली होतं, गुरुजी सोबत होते. पुढच्या पिढ्यांनी त्यातला ‘कमवा’ उचलला आणि गुरुजींना मागे ठेवलं, असं मला कधी कधी वाटतं. सुट्टीत काम करणं चांगलंच, हे आपण इतकं मानतो की तिथे यंत्र कसलं आहे, हे विचारणं भित्रेपणाचं ठरतं.

पुढचा टप्पा झपाट्याने सांगता येतो. संविधानाच्या अनुच्छेद २४ ने चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखाना, खाण आणि धोक्याची कामं बंद केली. १९७९ मध्ये बालमजुरीच्या प्रश्नावर गुरुपादस्वामी समिती बसली, १९८६ मध्ये बालकामगार कायदा झाला, आणि २०१६ च्या दुरुस्तीने चौदाखाली जवळजवळ सरसकट मनाई आली. चौदा ते अठरा वयाच्या किशोरांना खाणी, ज्वलनशील वा स्फोटक पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया बंद झाल्या. बाकीच्या कामांत अटी आल्या. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, मग तासभर विश्रांती, विश्रांती धरून दिवसाचे सहा तास, आठवड्याला एक सुट्टी, जादा काम नाही, आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम नाही.

या अटींना माणसांच्या संख्येची मर्यादा नाही. दुकान, हॉटेल, खानावळ, वर्कशॉप, शेत, सगळं त्यात येतं. म्हणजे १८८१ ची पळवाट कागदावर तरी बुजली. आता मे महिन्यातलं एखादं रिसेप्शन डोळ्यांपुढे आणा. पाहुणे साडेसातला यायला लागतात. गरम तेलाच्या कढईपासून टेबलापर्यंत ट्रे घेऊन धावणाऱ्या पोरांत सोळा वर्षांची किती असतात, ते मोजा. ती सगळी पोरं कायद्याने अर्ध्या तासापूर्वीच घरी गेलेली असायला हवीत.

आणखी एक अट आहे. किशोराला कामावर ठेवलं तर मालकाने तीस दिवसांच्या आत निरीक्षकाला लेखी कळवायचं. बारमाही धंद्यात हे ठीक. पण सुट्टीतलं कामच मुळी दीड-दोन महिन्यांचं. कळवलं, तो कागद पोहोचला, निरीक्षक निघाला, तोवर पोरगा अकरावीच्या फॉर्मच्या रांगेत. शिवाय तास, सुट्टी आणि नोटिशीची ही कलमं मालक घरच्यांच्या मदतीने धंदा करत असेल तिथे लागू नाहीत. चौदाखालच्या मुलालाही शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या बिनधोक धंद्यात मदत करायची मुभा आहे. घरच्या दुकानात बसणं गैर आहे असं मला म्हणायचं नाही. पण चरक काकाचा असला म्हणून तो बोटं ओळखत नाही.

आता लोखंड्यांच्या त्या मागणीकडे. १९२३ मध्ये कामगार भरपाई कायदा झाला. प्रौढ कामगार कामावर मेला तर तीस महिन्यांचा पगार किंवा अडीच हजार रुपये, यांतलं जे कमी असेल ते. अल्पवयीन मेला तर सरळ दोनशे रुपये. त्याचा पगार किती, वय किती, पुढे आयुष्य किती होतं, काही विचारायचं नाही. हा वेगळा दर निघायला १९५९ ची दुरुस्ती लागली. १९८४ च्या दुरुस्तीने पगाराच्या ठरावीक हिश्शाला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायची पद्धत आणली, आणि १९९५ पासून तो हिस्सा निम्मा झाला. सोळा किंवा त्याहून कमी वयासाठी हा आकडा २२८.५४, तक्त्यातला सर्वांत मोठा, आणि पासष्टीला तो ९९.३७ वर येतो. म्हणजे महिन्याला १५ हजार वेतन धरलं तर सोळा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूची भरपाई १७ लाख १४ हजार ५० रुपये होते. ज्याचं सगळं आयुष्य पुढे होतं त्याचं नुकसान सर्वांत मोठं, हे त्या तक्त्याने मान्य केलं. त्याच कायद्याच्या आणखी एका यादीत अवयवांचे भाव आहेत: अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्क्यांनी घटली असं धरतात, तर्जनी गेली तर १४ टक्क्यांनी.

या कायद्यातही हंगामाची फट होतीच. काम नैमित्तिक आणि मालकाच्या धंद्याबाहेरचं असेल तर तो माणूस ‘कामगार’ ठरत नसे. ‘नैमित्तिक’ची ती अट २००० च्या दुरुस्तीने काढली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि भरपाईचा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. त्याच वेळी कारखाना ठरण्यासाठी लागणारी कामगारसंख्या, वीज असेल तिथे, दहावरून वीसवर गेली. लहान जागांना पुन्हा मोकळीक.

भरपाई मागायची तर आधी एक गोष्ट दाखवावी लागते: मुलगा तिथे कामाला होता. हाफ टायमरकडे निदान दाखला असायचा, एक का असेना, दोन का असेनात. रसवंतीवर माझी हजेरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडलेली होती. आलेल्या दिवशी टिंब, खाड्याच्या दिवशी फुली. शेवटच्या दिवशी मालकाने टिंबं मोजली, रोख पैसे हातावर ठेवले, मग मे महिन्याचं पान फाडलं आणि उरलेली लिंबं त्यात गुंडाळून घरी नेली.